उत्तर: सत्तरीसाठी रुग्णवाहिका निधी

नमस्कार मंडळी,
चतुर्थीच्या वर्गणीतून उरलेल्या रकमेत भर घालून गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्याला रुग्णवाहिका द्यावी, अशी सूचना आली आहे. बऱ्याच सभासदांचे आईवडील तिथे एकटे आहेत. मते कळवावीत.
— कार्यवाह, मस्कत

*

भाई, गाडी नको. १०८ ची सेवा गोव्यात २००८ पासून आहे. आपल्या गाडीचा ड्रायव्हर, डिझेल, विमा मंडळ किती वर्षे पोसणार?

गोची होते ती गाडीत बसल्यावर. म्हातारीबरोबर शेजारीण जाते. बांबोळीला, सरकारी मोठ्या इस्पितळात, विचारतात, गोळ्या कसल्या चालू आहेत? ती बिचारी सांगते, "एक पांढरी, एक गुलाबी." मुलगा मस्कतला ड्युटीवर. गोवा सरकारच्या दीनदयाळ आरोग्य विमा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचे कवच आहे, पण कार्ड कपाटात आणि नूतनीकरण राहिलेले.

मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगथ' संस्थेने गोव्यातच नैराश्याच्या रुग्णांसाठी डॉक्टर नसलेल्या स्थानिक लोकांना समुपदेशनाचे शिक्षण दिले. ते, दवाखान्यातला डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ मिळून रुग्ण बघत. २०१० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: सरकारी केंद्रांत रुग्ण जास्त बरे झाले, खासगी दवाखान्यांत फारसा फरक दिसला नाही. माझा तर्क असा, की खासगी डॉक्टर आधीच घरोब्याचा असतो. दुवा लागतो तो जिथे ओळख नाही तिथे.

म्हणून वाड्यावाड्यावर दोन माणसे नेमूया. प्रत्येक घरी एक कागद: आजार, गोळ्या, कार्ड, कोणाला फोन करायचा. त्यावर काय लिहायचे ते म्हाताऱ्यांनाच विचारा, सुनेला कळू नयेत असेही आजार असतात. पैसे मानधनाला ठेवा. फुकटचे काम पहिल्या पावसात बंद पडते. आणि आधी आरोग्य अधिकाऱ्यांना भेटा. त्यांना डावलून सुरू केलेत तर उपकेंद्रातल्या नर्सबाई फोनसुद्धा उचलणार नाहीत.
— वाळपईहून, जुना सभासद

*

काका, पटले. पण आमच्या वाड्यावर तरुण कोण उरलाय? असतील ते कारखान्यात पाळीला. भजनी मंडळातले निवृत्त चालतील?
— कुवेतहून

*

चालतील की. निवृत्त मास्तर तर सोन्याहून पिवळे, डॉक्टरचे अक्षर वाचतात आणि कुणाच्याही घरात सरळ स्वयंपाकघरापर्यंत जातात. मात्र जोडीला एखादा मोटरसायकल पायलट, म्हणजे दुचाकीवरून भाडे मारणारा, धरा. रात्री दोनला मास्तर उठून करणार काय?