गुडघेदुखी असलेल्या आईला ऑर्लँडोच्या डिस्ने वर्ल्डला न्यावे का?

प्रश्न – एडिसनकर

नमस्कार. माझी आई (वय 74) सांगलीहून आमच्याकडे न्यू जर्सीला येत आहे आणि फेब्रुवारीत मुलांच्या शाळेला सुट्टी लागली की सर्वांनी मिळून डिस्ने वर्ल्डला जावे, असा बेत आहे. तिचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. घरात ती काठीशिवाय वावरते, पण दहा-पंधरा मिनिटे सलग उभी राहिली की पाय भरून येतात आणि बुटक्या आसनावरून उठताना कुणाचा तरी आधार लागतो. "तुम्ही जाऊन या, मी हॉटेलात जप करत बसेन," असे ती म्हणते. मला मात्र तिला मागे ठेवायचे नाही, कारण नातवंडांबरोबरचा असा प्रवास पुन्हा कधी घडेल, हे सांगता येत नाही. व्हीलचेअरचे नाव काढले की ती गप्प होते. तिथल्या रांगांत तिचा निभाव कसा लागेल आणि चार पार्कांपैकी कोणते निवडावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद – अटलांटावासी

आईंना अवश्य न्या, पण व्हीलचेअरचा विचार "लागली तर बघू" असा करू नका. मॅजिक किंगडम या पार्कला स्वतःच्या गाडीने गेलात, तर वाहनतळावरून वाहतूक केंद्रापर्यंत यायचे, तिथून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने तळ्यापलीकडे जायचे आणि मग कुठे प्रवेशद्वार लागते. म्हणजे पहिली राइड दिसण्याआधीच गुडघे कुरकुरू लागतात. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलात, तर तिथली बस दाराच्या बऱ्याच जवळ सोडते आणि व्हीलचेअरसह चढण्याची सोयही तिच्यात असते.

पार्कच्या दाराशी व्हीलचेअर भाड्याने मिळते. बॅटरीवर चालणारी स्कूटरही मिळते, परंतु पार्कातली स्कूटर आधी राखून ठेवता येत नाही आणि गर्दीच्या दिवशी ती लवकर संपते. ही वाहने पार्काबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे रात्री परतताना, म्हणजे पाय सर्वांत जास्त थकलेले असताना, बसथांब्यापर्यंत हाताशी काहीच उरत नाही. म्हणून घडीची हलकी व्हीलचेअर घरूनच न्यावी, असे माझे मत आहे. अमेरिकेतल्या विमानप्रवासात तिचे वेगळे शुल्क पडत नाही. ज्यांनी कधीच वाहन चालवलेले नाही, त्यांच्या हाती पायांत घुटमळणाऱ्या लहान मुलांच्या गर्दीत स्कूटर देणे मला योग्य वाटत नाही.

रांगेबाबत अनेकांचा गैरसमज असतो. डीएएस (डिसेबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस), म्हणजे रांगेत उभे न राहता ठरलेल्या वेळी परत येण्याची सवलत, 2024 पासून मुख्यत्वे ऑटिझमसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांसाठी आहे. केवळ चालण्याच्या त्रासावर ती मिळत नाही. मात्र बहुतेक रांगा व्हीलचेअर सहज जाईल इतक्या रुंद आहेत, त्यामुळे आई तुमच्याबरोबर रांगेतच राहतील, पण बसून. काही जुन्या राइडच्या रांगेत खुर्ची जात नाही. तिथे कर्मचारी वेगळ्या दाराने घेतात किंवा परत येण्याची वेळ देतात.

प्रतिसाद – फिजिओ, नाशिक

मी व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट आहे. तुमच्या वर्णनावरून खरा प्रश्न चालण्याइतकाच चढण्या-उतरण्याचाही दिसतो. प्रत्येक राइडच्या माहितीत खुर्चीतच बसून राहता येते, की खुर्ची सोडून राइडच्या आसनावर बसावे लागते, हे दिलेले असते. ते आधीच वाचून यादी करा. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड' आणि 'जंगल क्रूझ' इथे व्हीलचेअर चढवता येईल अशा होड्या आहेत. 'हाँटेड मॅन्शन'मध्ये आसनावर बसावे लागते, पण सांगितल्यास सरकता पट्टा मंद करतात. 'पीटर पॅन'ची राइड मात्र टाळावी, कारण तिथे चालत्या पट्ट्यावर पाय टाकूनच चढावे लागते.

निघण्यापूर्वी घरी एक सराव करून घ्या. बुटक्या आसनावरून उठताना आधी बैठक पुढच्या कडेशी सरकवायची, पावले गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, छाती पुढे झुकवायची आणि हातांनी आसनाची कड दाबत उठायचे. आपण समोर उभे राहून त्यांचे हात ओढू नयेत; ओढण्याने खांदा दुखावतो आणि तोलही जातो. कमरेशी, बाजूने आधार द्यावा.

प्रतिसाद – टँपाची सून

मी सासूबाईंना घेऊन गेले होते, म्हणून पार्कांविषयी लिहिते. ॲनिमल किंगडम सर्वांत विस्तीर्ण, तिथल्या वाटा चढउताराच्या आणि सफारीचे वाहन चांगलेच हादरे देते. दुखऱ्या पाठी-गुडघ्यांसाठी मी ते सुचवणार नाही. मॅजिक किंगडम मुलांसाठी करावेच लागेल. आईंसाठी मात्र एपकॉट. तिथे तळ्याभोवती 11 देशांची दालने आहेत. त्यांची फेरी जवळजवळ 2 किलोमीटरची असल्याने खुर्ची हवीच, पण घाई कसलीच नसते. 'लिव्हिंग विथ द लँड' या राइडमध्ये होडी थेट हरितगृहांतून जाते, मातीविना वाढवलेल्या भाज्या दोन्ही बाजूंना दिसतात आणि सांगलीकडच्या माणसाला तिथे बोलायला भरपूर विषय मिळतात. या राइडलाही व्हीलचेअरसाठी होडी आहे.

फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीच्या आठवड्यात तिथे प्रचंड गर्दी असते. शक्य असल्यास मुलांची शाळा दोन दिवस बुडवून जानेवारीअखेरीस जा. उन्हाळ्यात तर फ्लोरिडाचा उकाडा आणि दुपारची वादळी सर यांनी धडधाकट माणूसही हैराण होतो. घरचे खाणे आत नेता येते, फक्त काचेचे डबे नकोत. प्रत्येक पार्कात प्रथमोपचार केंद्र आहे. तिथे थंड ठेवायची औषधे ठेवता येतात आणि थोडा वेळ आडवेही होता येते.

व्हीलचेअरविषयी आईंशी सर्वांसमोर बोलू नका. सासूबाईंना आजारपणाहून ओझे होण्याची भीती अधिक होती, असे मला जाणवले. "चालायचे तिथे तुम्ही चाला, खुर्ची पिशव्या ठेवायला बरोबर राहील," असे ठरल्यावर त्या तयार झाल्या आणि दुपारी आपणहून बसल्या.

एडिसनकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एकच शंका उरली आहे: मुले मोठ्या राइडवर असताना आईने काय करावे?

प्रतिसाद – अटलांटावासी

त्यांना सामान राखत एकटे बसवू नका. तुमच्यापैकी एकाने मुलांबरोबर जावे आणि दुसऱ्याने आईंना मॅजिक किंगडममधल्या 'हॉल ऑफ प्रेसिडेंट्स' किंवा 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' या बसून पाहायच्या कार्यक्रमांना न्यावे. दोन्ही ठिकाणी थंडावा आहे आणि खुर्चीतूनच कार्यक्रम पाहता येतो. पुढच्या राइडला तुम्ही दोघांनी जागा बदलावी.