अनुभव धागा: मूळचे कुठले? लहानपणी सुटलेलं घर आणि त्यावरच्या कविता

लहानपणी घर, शाळा, भाषा किंवा देश सुटलेल्यांसाठी हा धागा आहे. निर्णय मोठ्यांचा होता, आपल्याला कोणी विचारलं नव्हतं, अशांसाठी. कुठून कुठे गेलात हे लिहायची गरज नाही. तेव्हाचं वय लिहा, आणि एखाद्या कवितेने त्या दिवसांना हात घातला असेल तर तिच्याबद्दल जरूर सांगा. सुरुवात मीच करते.

वय ६

कॅरल अ‍ॅन डफी यांची 'ओरिजिनली' ही कविता मी तिशी उलटल्यावर वाचली. डफी यांचा जन्म १९५५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत झाला. त्या लहान असतानाच कुटुंब इंग्लंडमधल्या स्टॅफर्डला गेलं. कविता 'द अदर कंट्री' या १९९०च्या संग्रहात आहे. पहिल्या कडव्यात गाडी शेतांमधून चालली आहे. आई चाकांच्या लयीवर वडिलांचं नाव गुणगुणते आहे, एक भाऊ 'घरी, घरी' म्हणून आक्रोश करतो आहे. बोलणारी मुलगी मात्र खेळण्यातल्या एका आंधळ्या प्राण्याचा पंजा धरून गप्प बसली आहे.

मीही गप्पच होते. पूर्ण रस्ताभर मी दप्तर मांडीवरून खाली ठेवलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी शाळा आहे असंच मला वाटत होतं. गृहपाठ पूर्ण केलेला होता. तो कोणी तपासलाच नाही.

याच कवितेत आईवडिलांची काळजी मुलीच्या डोक्यात हलत्या दातासारखी हलते. सहाव्या वर्षी दात खरोखरच हलत असतात आणि जीभ पुन्हा पुन्हा तिथेच जाते. घरात हळू आवाजात चाललेलं बोलणं मला अगदी तसंच आठवतं. हात लावू नये हे कळायचं, पण राहवायचं नाही.

वय ९

नव्या वर्गात पहिल्याच आठवड्यात मोठ्याने वाचायला उभं केलं. 'पाणी' हा शब्द आला आणि मी 'पानी' म्हणालो. वर्ग हसला. बाईंनी तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला.

ईव्हान बोलंड या आयरिश कवयित्रीचा जन्म १९४४ साली डब्लिनचा. त्या सहा वर्षांच्या असताना वडील राजदूत म्हणून लंडनला गेले. 'अ‍ॅन आयरिश चाइल्डहूड इन इंग्लंड: १९५१' या कवितेत वर्गातली छोटी मुलगी 'अ‍ॅम्न्ट' म्हणते. 'अ‍ॅम नॉट'चं आयर्लंडमध्ये सर्रास चालणारं हे रूप. बाई वळून म्हणतात, तू आता आयर्लंडमध्ये नाहीस. खरं तर 'इज्न्ट' चालतं, 'आरन्ट' चालतं, मग 'अ‍ॅम्न्ट'ने काय बिघडवलं? मुलीचं व्याकरण चुकलेलं नव्हतंच. शब्द त्या जागेचा नव्हता, एवढंच.

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच. माझी आईही 'पानी'च म्हणायची. त्या दिवशी घरी येऊन मी तिला सुधारायला लागलो, बाईंच्याच आवाजात. ती रागावली नाही. नंतर माझ्यासमोर तो शब्द जपून उच्चारायची, आणि माझे मित्र आले की कमी बोलायची. वर्गातलं हसणं मी कधीच विसरलो. हे विसरता येत नाही.

वय ११

वरचं वाचून ली-यंग ली यांची 'पर्सिमन्स' आठवली. त्यांचा जन्म १९५७ साली जकार्तात, चिनी आईवडिलांच्या पोटी. पुढे कुटुंब अमेरिकेत आलं. कवितेत 'पर्सिमन' हे फळ आणि 'प्रिसिजन' म्हणजे अचूकपणा, या दोन शब्दांतला फरक कळत नाही म्हणून सहावीतल्या मुलाला बाई चापट मारून कोपऱ्यात उभं करतात. नंतर त्याच बाई ते फळ वर्गात आणतात. ते अजून पिकलेलं नाही, हे फक्त त्या मुलालाच ठाऊक असतं. तो खात नाही, इतरांचे चेहरे बघत राहतो. माझ्याकडेही असं काहीतरी ठाऊक असलेलं होतं. ते कोणी विचारलं नाही.

वय पाच महिने

माझा इथे लिहायचा हक्क आहे का, कळत नाही. मला काहीच आठवत नाही.

मोनिझा अल्वी यांचा जन्म १९५४ साली लाहोरचा, आणि काही महिन्यांच्या असतानाच त्या इंग्लंडला आल्या. 'प्रेझेंट्स फ्रॉम माय आंट्स इन पाकिस्तान' ही त्यांची कविता १९९३च्या 'द कंट्री अ‍ॅट माय शोल्डर' या संग्रहात आहे. आत्यांनी पाठवलेले झळझळीत कपडे मुलगी अंगावर चढवून बघते आणि स्वतःलाच परकी वाटते. आपलं जन्मस्थान ती जुन्या फोटोंवरून मनात उभं करते. ती कविता वाचली आणि मला पहिल्यांदा वाटलं की न आठवणारी जागासुद्धा हरवू शकते. माझ्याकडे एक फोटो आहे. आईच्या कडेवर मी, मागे एक दार. दाराचा रंग कोणता ते कळत नाही, कारण फोटो कृष्णधवल आहे. आईला विचारलं तर दर वेळी वेगळा रंग सांगते.

वय ७

सगळे हरवल्याबद्दल लिहीत आहेत म्हणून मुद्दाम लिहितो. मी सुटलो. त्या घरात रोज रात्री भांडणं व्हायची. नव्या घरात पहिल्या रात्री शांतता होती आणि मी गाढ झोपलो. मला जुन्या घराची ओढ वाटत नाही, आणि यात काही उणं आहे असंही वाटत नाही. सुटकेवरची अशी कविता कोणाला माहीत असेल तर सांगा.

पुन्हा, वय ६

नेमकी अशी कविता मला आठवत नाही. पण 'ओरिजिनली'च्या शेवटाकडे एक प्रश्न आहे: मी नदी, संस्कृती, बोली हरवली, असं मला नुसतं वाटतंय का? प्रश्नचिन्ह कवयित्रीनेच ठेवलं आहे. मला ती जागा तुमच्यासाठी मोकळी ठेवल्यासारखी वाटते.

वय ८

मी गेलं वर्षभर 'ओरिजिनली'चा मराठी अनुवाद करते आहे, अजून पुरा झालेला नाही. दोन ठिकाणी अडले आहे.

एक, शेवटच्या कडव्यातला 'स्केल्फ'. स्कॉटिश शब्द आहे. बोटात रुतणारी लाकडाची बारीक कपची. भाऊ गोगलगाय गिळताना दिसतो आणि बहिणीला फक्त शरमेचं एवढंसं कुसळ टोचतं. लगेच पुढे ती सांगते की आपल्या जिभेने सापासारखी कात टाकली, वर्गात आवाज इतरांसारखाच झाला. म्हणजे बोली गेली असं सांगणाऱ्या कडव्यातच जुन्या बोलीतला एक शब्द रुतून बसलेला आहे. मी 'कुसळ' लिहिलं. पण मराठी वाचकाला हा शब्द परका लागत नाही, आणि तो थोडा तरी परका लागायला हवा. माझ्या आजीच्या बोलीत याला एक शब्द होता. तो आठवेपर्यंत जागा कोरी ठेवली आहे.

दुसरी अडचण पहिल्याच शब्दाची. 'वी'. इंग्रजीत एकच. मराठीत 'आम्ही' की 'आपण' हे ठरवावंच लागतं. 'आम्ही' लिहिलं की वाचणारा बाहेर राहतो, 'आपण' लिहिलं की तो गाडीत येऊन बसतो. मला दोन्ही हवे आहेत.

हे फक्त अनुवादाचं अडणं नाही. नव्या शाळेत मी पहिलं वर्षभर म्हणायचे, 'आमच्याकडे असं नसतं.' मुली चिडायच्या. तीन वर्षांनी सुट्टीत जुन्या मैत्रिणीकडे गेले. अंगणात खेळताना नियमावरून वाद झाला आणि माझ्या तोंडून गेलं, 'आमच्याकडे असं नसतं.'

ती थांबली. 'आमच्याकडे म्हणजे कुठे?'

मी काहीच बोलले नाही. मग डाव पुढे सुरू झाला, तिच्या नियमाने.