पासष्टीनंतर गरिबी संपते का? विधानसभेच्या उमेदवारांना हे विचाराच

ओसरी:
२० नोव्हेंबर २०२४ ला मतदान. दारात येणारा प्रत्येक जण लाडकी बहीण योजनेचं बोलतोय. माझी मावशी येत्या मार्चमध्ये पासष्टी ओलांडेल. तिला मूलबाळ नाही. दोन घरी भाकऱ्या थापून महिन्याला तीन हजार मिळवते. लाडकी बहीणला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत चालतं, पण वय ६५ पर्यंतच. पुढे श्रावणबाळ, म्हणजे गरीब वृद्धांची पेन्शन योजना, आणि तिथे वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा २१ हजार! मिळणार दोन्हीकडे महिन्याला १५०० रुपयेच. मावशीचे वर्षाला ३६ हजार होतात. म्हणजे दाखल्यावर खोटं उत्पन्न लिहून घ्या, नाहीतर घरी बसा. महायुतीने वृद्धांचं पेन्शन २१०० करायचं वचन दिलंय. ज्यांचं नावच यादीत बसत नाही त्यांना त्याचा काय उपयोग? मर्यादा वाढवणार का, हा यंदाचा पहिला प्रश्न हवा.

कोरडवाहू:
ताई, मावशींचं पटतं, पण पहिला प्रश्न हा नाही. ७५ च्या पुढे एसटी फुकट, ६५ पासून अर्धं तिकीट, वयोश्री योजनेतून चष्मा-काठीसारख्या साधनांसाठी एकदाच तीन हजार. म्हाताऱ्यांना काहीच नाही असं नाही. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२, आमच्याकडे व्यापारी ४१०० च्या वर बोलत नाही. मी कृषी पदवी घेऊन दोन वर्षं घरी आहे. मालाला भाव आणि पोरांना काम मिळालं तर आजीला तहसीलच्या पायऱ्या चढाव्या लागणार नाहीत.

सरळमार्गी:
मुळात ही मुलांची जबाबदारी. आईवडिलांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा आहे, प्रांताधिकाऱ्याकडे अर्ज केला की महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह खर्च मिळतो. सगळं सरकारनेच का करायचं?

उंबरठा:
सरळमार्गी, पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करणारी आई मी तरी पाहिली नाही. आणि मुलगा सांभाळत असला तरी हाल चुकत नाहीत, मीच सांभाळतो. आईचं श्रावणबाळ मंजूर आहे. पण बँकेच्या केंद्रावर तिचा अंगठा उमटत नाही, शेणगोठा करून रेषा झिजल्यात. केंद्रावरचा पोरगा ओल्या फडक्याने अंगठा पुसतो, पुन्हा ठेवायला लावतो. तिसऱ्या खेपेला ती पदराला अंगठा घासते आणि माझ्याकडे बघते, जणू तिचंच काही चुकलं. यंदा ८५ च्या पुढच्यांचं मत घ्यायला कर्मचारी घरी येतात. मत घरी येऊन नेता येतं, तर १५०० रुपये घरी आणून का देता येत नाहीत?

कोरडवाहू:
घरपोच द्या, शंभर टक्के पाठिंबा. पण मर्यादा थेट अडीच लाख केली तर तिजोरीवर केवढा भार येईल? शेवटी तो आमच्याच पिढीने फेडायचा. मी सोयाबीनचंच विचारणार.

ओसरी:
जरूर विचारा दादा, तेही खरंच आहे. अडीच लाखच करा असं मी म्हणत नाही. भाकऱ्या थापणारी बाई बसेल एवढी तरी करा. उद्या सकाळी आमच्या आळीत प्रचारफेरी आहे. मावशीला ओसरीवर खुर्ची टाकून बसवणार आहे. ती स्वतःच विचारेल.