मदत हवी आहे: महिलांच्या मानवी हक्कांवर परदेशात इंटर्नशिप

नमस्कार मंडळी, मी कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे. पुढच्या उन्हाळ्यात महिलांच्या मानवी हक्कांवर काम करणाऱ्या परदेशातल्या एखाद्या संस्थेत दोन-तीन महिने इंटर्नशिप करायची आहे. कुणी केली असेल तर सांगाल का?

मला खरा रस आहे तो सीडॉ कराराच्या, म्हणजे महिलांविरुद्धचा भेदभाव संपवण्यासाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराच्या कामात. १९७९ चा हा करार, त्यावर देखरेख ठेवणारी २३ तज्ज्ञांची समिती आणि सरकारी अहवालासोबत स्वयंसेवी संस्था देतात ते पर्यायी अहवाल. असा अहवाल तयार होताना बाजूला बसून बघायचंय. गेल्या महिन्यात या समितीची महिलांवरील हिंसाचाराबद्दलची २०१७ ची ३५ वी सर्वसाधारण शिफारस वाचली, समासात पेन्सिलीने इतक्या खुणा केल्यात की मजकूरच दिसेना!

अडचण पैशांची. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातल्या इंटर्नशिपला मानधन नाही. प्रवास, राहणं, विमा सगळं आपलंच. एका संस्थेने तर उलट माझ्याकडेच 'प्लेसमेंट फी' मागितली. तो नाद मी तिथेच सोडला.

तर प्रश्न असे: छोट्या संस्थांना थेट मेल टाकला तर उत्तर येतं का? लेखनाचा नमुना म्हणून मूट कोर्टचं (सरावाच्या खटल्यातलं) मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद चालेल की संशोधन निबंधच लागतो? आणि खर्चासाठी फेलोशिप कुणाला मिळालीये का? घरबसल्या ऑनलाइन केलेल्या इंटर्नशिपला वजन असतं का, हेही सांगा. व्हिसाचं नंतर बघू.