मदत हवी आहे: स्पिनरला ७२० अंश का लागतात?

एमएस्सीचं क्वांटम चालू आहे, पाउली मॅट्रिक्स (स्पिनच्या गणितातले २×२ मॅट्रिक्स) वापरून गणितं सुटतात पण स्पिनर, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाच्या स्पिनची अवस्था सांगणारी दोन संख्यांची जोडी, हे नक्की काय ते डोक्यात बसतच नाहीये. ३६० अंश फिरवला की उणे चिन्ह येतं, मूळ स्थितीला यायला ७२० लागतात, फिरवण्याच्या सूत्रात अर्धा कोन आहे म्हणून, इथपर्यंत ठीक. काल पट्ट्याचं बक्कल दाराच्या कडीला अडकवून करून पाहिलं, एक पूर्ण पीळ दिला तर टोक न फिरवता सुटत नाही पण दोन दिले आणि टोक तसंच धरून पट्ट्याला वळसा घातला की खरंच सुटतो! आणि १९७५ मध्ये न्यूट्रॉनवर हे उणे चिन्ह प्रयोगात दिसलंय, म्हणजे नुसतं कागदावरचं नाही. पण एकाच रोटेशनला एसयू-टू (स्पिनर फिरवणाऱ्या २×२ मॅट्रिक्सचा ग्रुप) मधले दोन मॅट्रिक्स लागतात त्याचा या पिळाशी संबंध कसा, कुणी नीट समजावेल का? आधी ग्रुप थिअरी करू की क्लिफर्ड अल्जेब्रा?