मदत हवी आहे : मुळे खाणाऱ्या अळीला सहनशील वंश निवडताना कोणता निकष धरावा?

बीजांकुर : ज्या वंशांच्या मुळांना कमी इजा झाली ते उत्पादनात मागे पडले आहेत आणि ज्यांची मुळे पार कुरतडली गेली त्यांपैकी काही भरघोस उतरले आहेत. निवड लगेच करायची आहे. कोणता आकडा ग्राह्य धरावा, एवढेच कृपया सांगावे.

मृद्गंध : पीक कोणते, कीड कोणती आणि प्रादुर्भाव नैसर्गिक होता की घडवून आणलेला, हे कळल्याशिवाय काय सांगणार? हुमणी अनेक पिकांची मुळे खाते, डायब्रोटिका या भुंग्याची अळी मात्र मुख्यतः मक्यावरच जगते. दोहोंची चाचणी सारखी नसते.

बीजांकुर : अर्थातच मका आणि डायब्रोटिका. अंडी मातीत सोडली होती आणि इजा ० ते ३ या पट्टीवर मोजली.

द्राक्षवेल : द्राक्षाच्या मुळांवरील फायलॉक्सेरा या किडीचे उदाहरण पाहा. एकोणिसाव्या शतकात युरोपातील मळे अमेरिकी खुंटांवर कलमे बांधूनच वाचले. तुम्हीही रानटी नातलगांकडे वळावे.

कणीस : मक्याला कलम बांधणार कोण? शिवाय युरोपीय द्राक्षाचे रक्त असलेला एएक्सआर-१ हा खुंट कॅलिफोर्नियात १९८०च्या दशकात त्याच किडीपुढे कोसळला, हेही सांगायला हवे होते. त्यापेक्षा अळीला मारणारे प्रथिन तयार करणारे बीटी जनुक असलेला मका घ्यावा.

मृद्गंध : बीटीविषयी कोणी विचारलेलेच नाही. तसेही क्राय३बीबी१ या बीटी प्रथिनाचा मका २००३ मध्ये बाजारात आला आणि २००९ पर्यंत अमेरिकेच्या आयोवा राज्यातील काही शेतांत त्याला न जुमानणाऱ्या अळ्या आढळल्या. सहनशील झाड अळीला मारत नाही, त्यामुळे तिच्यावर तसा निवडीचा दाब येत नाही. अर्थात शेतातील अळ्याही त्यामुळे कमी होत नाहीत.

आता मूळ प्रश्न. ० ते ३ ही पट्टी खोडाच्या पेरांभोवती फुटणाऱ्या मुळांची किती वलये खाल्ली गेली ते सांगते. झाडाने ती हानी कशी सोसली, हे तिला कळत नाही. कमी इजा म्हणजे अळीला ते मूळ मानवले नाही, किंवा तिथे अळ्याच कमी पोहोचल्या. सहनशीलता म्हणजे तेवढ्याच इजेत उत्पादनाची कमी घट, आणि घट मोजायची तर त्याच वंशाचा कीटकनाशकाने संरक्षित केलेला प्लॉट शेजारी हवा. तो आहे का?

बीजांकुर : नाही. वंश पुष्कळ आहेत आणि जागा तेवढी नाही.

कणीस : मग झाड उपटायला किती जोर लागतो ते मोजावे, नवीन मुळे किती फुटली याचा अंदाज त्यावरून येतो. आमची निवड त्यावरच चालते.

मृद्गंध : जोर मोजावा, परंतु केवळ त्यावर निवड करू नये. मुळातच मोठा मूळसंभार असलेला वंशही तेवढाच जोर मागतो, आणि पाण्याचा ताण असताना नवीन मुळांवर खर्ची पडलेले अन्न दाण्याच्या वाट्याला येत नाही. या हंगामात केवळ इजेच्या आकड्यावरून कोणालाही बाद करू नये. इजा जास्त असूनही उत्पादन टिकवलेले आणि न लोळलेले, म्हणजे आडवे न पडलेले, वंश वेगळे काढावेत, व पुढील हंगामात तेवढ्यांचेच संरक्षित व असंरक्षित असे जोडीचे प्लॉट घ्यावेत. मग जागा पुरेल.

बीजांकुर : लोळण्याची नोंद आहे, पण ती वादळानंतरची आहे. ती चालेल का?

मृद्गंध : वादळ आले तेव्हा पीक कोणत्या अवस्थेत होते?