मदत हवी आहे: फ्लशच्या टाकीतून झिरपणारे पाणी आणि न फिरणारा अँगल कॉक (जुळे सोलापूर)

नमस्कार. आमच्या घरी तळमजल्यावरील कमोडमध्ये गेले तीन आठवडे फ्लश न दाबताही पाण्याची बारीक धार उतरते आहे. कानाला ती ऐकू येत नाही. पण भांड्याच्या मागच्या बाजूला वर्तमानपत्राची कोरडी पट्टी टेकवून ठेवली की पाच मिनिटांत ती भिजून खाली घसरते, त्यामुळे शंकेला जागा उरलेली नाही.

आमच्याकडे उजनीचे पाणी चार-पाच दिवसांआड येते आणि मधल्या दिवसांत गच्चीवरची हजार लिटरची टाकी पुरवून वापरावी लागते. तीही आटली की बोअर चालू करतो. गेल्या खेपेस तिसऱ्याच दिवशी टाकी कोरडी पडली, तेव्हा पहिला आळ धुणे धुणाऱ्या मावशींवर आला. ती आमची चूक होती. नंतर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून मी फ्लशच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीने रेघ ओढली आणि तासाभराने पाहिले, तर पाणी साडेतीन सेंटिमीटर खाली गेलेले होते. टाकी आतून साधारण 40 सेंटिमीटर लांब आणि 14 सेंटिमीटर रुंद आहे, म्हणजे तासाला जवळजवळ दोन लिटर आणि चार दिवसांत 190 लिटरच्या आसपास पाणी कुणी न वापरता वाहून जाते.

पाणी बाहेरून येणे बंद असतानाही पातळी उतरते, त्यामुळे दोष फ्लोटचा (टाकी भरली की येणारे पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या भागाचा) नसून तळाशी बसणाऱ्या फ्लश व्हॉल्व्हच्या वायसरचा असावा, असा माझा तर्क आहे. फ्लोट बिघडला असता तर पातळी चढून पाणी मधल्या उभ्या नळीच्या तोंडातून आत पडले असते. येथे मात्र ती नळीच्या तोंडापासून दोन बोटे खालीच असते. टाकी दोन बटणांची असून कमोडवरच बसवलेली आहे. आतल्या सर्व भागांवर बोअरच्या पाण्याचे पांढरे पुट चढले आहे, अगदी पाणी तापवण्याच्या पातेल्याच्या तळाशी धरते तसे.

खरी अडचण पुढेच आहे. भिंतीतील अँगल कॉक, म्हणजे फ्लशच्या टाकीला जाणारे पाणी बंद करायचा छोटा नळ, गंजून असा घट्ट बसला आहे की तो बंद होत नाही. घर तीस वर्षांचे असल्याने भिंतीत जुनी लोखंडी लाइन आहे. पान्ह्याने जोर लावला आणि आतला निपल (कॉक लाइनला जोडणारा आट्यांचा तुकडा) तुटला, तर फरशी फोडावी लागेल ही भीती आहे. बोलावलेल्या प्लंबरने पाच मिनिटे पाहून ‘याचे पार्ट आता मिळत नाहीत, टाकीसकट सगळा सेटच बदला’ असे सांगितले आणि कामाला दोन दिवस लागतील म्हणाले. आईचे गुडघे दुखत असल्याने तिला देशी संडासात बसता येत नाही, त्यामुळे कमोड दोन दिवस बंद ठेवणे शक्य नाही. टाकी न उतरवता केवळ आतला व्हॉल्व्ह बदलता येतो का, आणि अँगल कॉकचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद:

दादा, तुमचे निदान बरोबर वाटते. सेट बदलण्याची घाई करू नका. या पद्धतीच्या बहुतेक टाक्यांमध्ये फ्लश व्हॉल्व्हचा वरचा भाग पाव फेरा डावीकडे फिरवला की उचलून हातात येतो, त्यासाठी टाकी उतरवावी लागत नाही. त्याच्या बुडाशी रबराची चकती दिसेल. तिच्यावर किंवा ती ज्या कडेवर टेकते तेथे पुटाचा एखादा खडा अडकला असला, तरी एवढी गळती होते. चकती आणि व्हॉल्व्ह कोमट पाण्यात लिंबूसत्व घालून तासभर बुडवून ठेवा आणि जुन्या दात घासण्याच्या ब्रशने पुसा. फरशी धुण्याचे ॲसिड टाकीत मुळीच घालू नका, कारण ते रबर आणि धातूचे स्क्रू दोन्ही खाते. चकती कडक झाली असेल, तर तीच नमुना म्हणून दुकानात न्या. नुसते माप सांगून आणलेली वस्तू निम्म्या वेळा बसत नाही.

अँगल कॉक भिंतीतून काढूच नका. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करून त्याचा फक्त स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा आतला दांडा) बदलता येतो, बाहेरचे अंग भिंतीत जसेच्या तसे राहते. स्पिंडल सोडवताना एका पान्ह्याने कॉकचे अंग घट्ट धरून दुसऱ्याने फिरवा, म्हणजे ताण निपलवर जाणार नाही. कनेक्शन पाइप परत बसवताना त्याच्या नटात रबरी वायसर असते, तेथे टेफ्लॉन टेप गुंडाळण्याची गरज नाही. टाकीकडचा प्लॅस्टिकचा नट हातानेच आवळा आणि गळला तर थोडा आणखी फिरवा. पान्ह्याने आवळाल तर चिनी मातीची टाकी तडकते, आणि मग मात्र प्लंबरचे म्हणणे खरे होईल.

मूळ प्रश्नकर्ता:

ताई, मनापासून आभार. व्हॉल्व्ह सांगितल्याप्रमाणे पाव फेऱ्यात निघाला. चकतीवर नखाने जाणवेल अशी खाच पडली होती, त्यामुळे लिंबूसत्वात धुऊनही गळती निम्मीच कमी झाली. नमुना घेऊन फिरलो तेव्हा तिसऱ्या दुकानात त्याच मापाची चकती मिळाली. स्पिंडलही बदलला असून अँगल कॉक आता दोन बोटांनी फिरतो. सकाळी आई उठण्यापूर्वी काम सुरू केले आणि तिच्या चहाच्या आत कमोड वापरण्याजोगा झाला.

काल रात्री कॉक बंद करून ठेवला होता. आज सकाळी पाणी पेन्सिलीच्या रेघेवरच होते. एक शंका मात्र उरली आहे: टाकी भरायला पूर्वी दोन मिनिटे लागत, आता सहा लागतात. कनेक्शन पाइप सोडताना लाइनमधील गंज फ्लोटच्या तोंडाशी असलेल्या जाळीत जाऊन बसला असेल का, आणि ती जाळी फ्लोट न काढता साफ करता येईल का?